हॉस्पिटलच्या चिठ्ठीवर घर

रियाधमध्ये भाड्याचं घर शोधलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. शुक्रवारी आम्ही लॅबचे दोघे-तिघे चहाला जमलो की एकातून दुसरा निघतो.

आमचं हॉस्पिटल घर देत नसे, चिठ्ठी देई: याचं भाडं आम्ही भरू. घरमालकाने ती घ्यायची की नाही, ही त्याची मर्जी.

*

नझीरभाई आमचे सीनियर टेक्निशियन, दापोलीचे. बायको-मुलीला आणायचं म्हणून त्यांनी रियाधच्या बत्हा भागात घर पाहिलं. मालकाने चिठ्ठी वाचली, चहा पाजला आणि शांतपणे विचारलं, उद्या तुझ्या जागी सौदी माणूस घेतला तर मी भाडं कोणाकडे मागू? परदेशी माणसांच्या जागी सौदी भरायचे, सौदायझेशनचे दिवस होते ते. नझीरभाई घर न घेताच परतले. चहा मात्र फर्स्ट क्लास होता, म्हणाले.

*

दुसरा मालक म्हणाला, फक्त फॅमिलीला देतो, आधी फॅमिली दाखव. आता घरच नाही तर फॅमिली उतरवायची कुठे? नझीरभाईंनी मोबाइलवर फोटो दाखवला. मालकाने मोठा करून पाहिला.

"मुलगी हुशार दिसते," म्हणाला. आणि घर नाही म्हणाला!

*

आमच्या पॅथॉलॉजिस्ट देशपांडे मॅडम चिडल्या. चिठ्ठी नाकारताच येऊ नये असा कायदा हवा, म्हणाल्या.

"मॅडम, कायद्याने दार उघडेल," नझीरभाई म्हणाले, "पण ईदला ताट कोण पाठवील?"

शेवटी अबू सालेह भेटले. अल सुलै भागात गोदाम असलेले म्हातारे गृहस्थ. त्यांनी चिठ्ठी न वाचताच आपल्या घराच्या खालच्या मजल्याची किल्ली दिली. ईदला वरून मटण-भात आला, खालून नझीरभाईंच्या बायकोची, शमीमभाभींची सांदणं गेली.

*

काही वर्षांनी नझीरभाईंच्या जागेवर फहद आला. तबूकचा सौदी मुलगा, नुकताच कॉलेजातून निघालेला. नझीरभाईंनीच त्याला काम शिकवलं. चिठ्ठी त्यालाही मिळाली, पण बॅचलर म्हणून कोणी घर देईना. रोज तोंड पाडून यायचा.

कायमचं गावी निघायच्या आठवड्यात नझीरभाई त्याला अबू सालेहकडे घेऊन गेले. मी सोबत होतो. एकट्या माणसाला मी ठेवत नाही, म्हातारे म्हणाले. याची जबाबदारी कोण घेणार?

"मी," नझीरभाई म्हणाले.

"तू तर चाललास."

"हो. पण लहान पोराचं रक्त काढताना याचा हात पाहिलाय मी. पोराला कळतसुद्धा नाही."

अबू सालेहनी फहदकडे पाहून होकाराची मान हलवली.

आम्ही खाली आलो. शमीमभाभी सामान बांधत होत्या. फहद दाराबाहेरच थांबला. भाभींनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि ट्रंकेत भरलेला तवा न् कुकर परत ओट्यावर काढून ठेवला.