भावजींच्या हातातला दोरा

गोंधळण्याचं काम आमच्या धाकट्या भावजींइतकं मन लावून करणारा दुसरा माणूस साऱ्या तेलगावात सापडायचा नाही. बाकीचे लोक अवघड वेळी गोंधळतात. भावजींचं उलटं. त्यांचा धंदा बोअरमध्ये अडकलेल्या मोटरी काढायचा. तिपाई उभी करून, साखळीची कप्पी लावून, जमिनीच्या पोटात रुतलेली मोटर ते नुसत्या दोरावर हात ठेवून ओळखतात आणि अलगद वर आणतात. तिथं त्यांचा हात चुकलेला कुणी पाहिला नाही. पण हाच माणूस एकदा बीडच्या एसटी स्टँडवर एका म्हातारीचं गाठोडं चढवून द्यायला गाडीत शिरला, शेजारच्याशी पिकापाण्याचं बोलत तिथंच टेकला आणि थेट गेवराईला उतरला. तिथून मला फोन, "वैनी, मी इकडं कावून आलतो?" आता हे मी घरात बसून काय सांगणार? बीडची गाडी धरा, तिथं उतरून तेलगावची धरा आणि मधे कुणाचं काही उचलू नका, एवढं सांगून मी फोन ठेवला. दुकानातून काही आणायला सांगायचं तर मी त्यांना एका वेळी एकच वस्तू सांगते. दोन सांगितल्या तर तिसरीच घरी येते.

आमची दोन्ही घरं एका भिंतीची, त्यामुळे त्यांचे सगळे गोंधळ माझ्या ओट्यावरून दिसतात आणि बरेचसे मलाच निस्तरावे लागतात. मला त्याचं काही वाटत नाही. कामं ओळीनं लावली की होतात. पण मुक्तीच्या दाताच्या बाबतीत त्यांनी मला आधीच बजावलं होतं, की वैनी, या दाताला तुमी हात लावायचा न्हाई.

मुक्ता म्हणजे त्यांचं शेंडेफळ, पहिलीत जाते. थोरल्या दोघांचे पहिले दात पडले तेव्हा भावजी आणि जाऊबाई ऊसतोडीला गेलेले, पोरं माझ्याकडे. दात हलायला लागले तसे मी चिमटीत धरून काढले, चुळा भरायला लावल्या आणि पुढच्या कामाला लागले. कारखान्याचा हंगाम संपून दोघं परत आली तोवर दोघांच्याही तोंडात नवे दात डोकावत होते. भावजी थोरल्याला आ करायला लावून कितीतरी वेळ आत बघत बसले होते. पुढे बोअरच्या कामात जम बसला, ऊसतोड सुटली. त्यामुळे मुक्तीचा खालचा दात हलायला लागला तेव्हा तो आपल्याच हातानं काढायचा आणि पडताना डोळ्यांनी बघायचा, असं त्यांनी ठरवलं. घरात आता यापुढे कुणाचा पहिला दात पडायचा नव्हता.

मुक्तीलाही घाई होती. वर्गातल्या बाकीच्या पोरी फटीतून जीभ काढून दाखवायच्या आणि हिचा दात नुसताच डुलायचा. रोज सकाळी तिचं एकच, पप्पा, आज काढा. पण भावजींनी आधी गावाचा सल्ला घेतला. मेडिकलवाला म्हणाला हात लावू नका, न्हावी म्हणाला पेरू खायला द्या, सासूबाई म्हणाल्या दोरा बांध. भावजींनी तिन्ही गोष्टी त्याच क्रमानं केल्या. पेरूचा बराचसा भाग त्यांनीच खाल्ला, कारण मुक्तीला तो टणक लागला.

मग एका रविवारी दोरा आला. मोटरीला मारतात तसली गाठ दाताला मारून भावजींनी दुसरं टोक आपल्या बोटाला गुंडाळलं आणि अंगणात पोरीसमोर बसले. आता एक झटका, की काम झालं. पण तो झटका काही येईना. दोरा जरा ताणला, की भावजीच पुढे सरकायचे. मुक्ती पाणी प्यायला उठली, हे मागे. ती शेळीच्या करडाला पाला घालायला गेली, हे मागे. मी ओट्यावर शेंगा फोडत होते. शेवटी न राहवून म्हटलं, "भावजी, एकदाच ओढा आणि मोकळे व्हा."

"अंदाजच येईना, वैनी," ते म्हणाले. "मोटरीला कितीबी ओढा, ती रडत न्हाई."

तेवढ्यात फोन वाजला. कुणाची तरी मोटर अडकली होती आणि यांनी कामावर ठेवलेला माणूस कप्पीशी उभा राहून घाबरला होता. भावजी म्हणाले, आज येता येत नाही, मीच इकडं अडकलोय. पण मोटरीचा विषय निघाल्यावर त्यांचा चेहरा बदलला. पाठ ताठ झाली, आवाज चढला. मुक्तीकडे पाठ करून ते फोनमध्ये सांगायला लागले, "ओढ बे. भितो कशाला? काय व्हत न्हाई, असं एका दमात ओढ." आणि 'असं' म्हणताना ज्या हातानं त्यांनी दाखवलं, त्याच हाताला दोरा होता.

दात सुटला. मुक्तीनं जिभेनं चाचपून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फट दाखवून हसली. भावजींच्या बोटाला दात लोंबत होता आणि ते अजून फोनवर साखळी कुठं धरायची ते सांगत होते. वळले तेव्हा पोरीचं तोंड दिसलं. मग हात दिसला. ते तसेच पायरीवर बसले.

"दुखलं का गं?"

"न्हाई. कळलंच न्हाई."

मग माझ्याकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, "वैनी, तुमी पाह्यलं का? कसा पडला?"

मी जे पाहिलं ते सांगितलं. मुक्तीनं सांगितलं. त्यांनी तिला पुन्हा सांगायला लावलं.

दाताचं पुढचं काम सोपं होतं. आमच्यात खालचा दात घरावर टाकतात, नवा दात दे म्हणून उंदराला सांगून. पण जाऊबाई म्हणाल्या, त्यांच्या माहेरी खालचा मातीत पुरतात, वरचा घरावर. वर मुक्तीनं विचारलं, की आपल्या स्लॅबवर उंदीर चढणार कसा? भावजी पार गोंधळून गेले. तूर्तास म्हणून त्यांनी दात नटबोल्टांच्या डबीत ठेवला.

आता मुक्तीच्या फटीत रुंद, करवतीसारख्या कडेचा नवा दात आला आहे. तिला मागच्या दाताची आठवणही नाही. परवा भावजी पाना शोधत ओट्यावर डबी उघडून बसले होते, तेव्हा बारक्या वायसरांमध्ये मला तो दात दिसला. मी बघतेय म्हटल्यावर त्यांनी झाकण लावलं.

"अजून ठरंना बघा, वैनी," ते म्हणाले. "वर टाकायचा का खाली?"

मी आईला कधीच विचारून ठेवलं होतं. दोन्ही चालतं, म्हणाली ती. माझ्याकडे उत्तर तयार असलं की मला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

"मलाही नक्की माहीत नाही, भावजी," मी म्हणाले. "राहू द्या तोवर."