हौदाच्या झाकणावर बसलेला मिस्त्री

त्याचं नाव मी विचारलंच नाही. मुकुंदवाडीहून आलेला तो मिस्त्री आमच्या हौदाच्या झाकणावर उकिडवा बसला, स्क्रूड्रायव्हरचं एक टोक जादा मोटारीला लावलं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटले. नेहमीची मोटार जळाली होती आणि जादा मोटार नुसतीच गुणगुणत होती. हौदात दोन हजार लिटर पाणी होतं, गच्चीवरच्या टाकीत शून्य, आणि बाथरूममध्ये आमचे नवे जावई अंगभर साबण लावून उभे होते.

बायको दोरी बांधलेली बादली घेऊन आली. "भाऊ, जरा उठा. झाकण उघडून पाणी काढते."

"वैनी, गप राहा. मोटार काहीतरी सांगायली."

आतून जावई म्हणाले, "अहो, डोळे झोंबायलेत."

"मिटून घ्या जावईबापू. म्या बी मिटलेत."

बऱ्याच वेळानं त्यानं बटण बंद करायला लावलं, मोटारीचा मागचा पंखा हातानं फिरवला आणि पुन्हा बटण दाबायला सांगितलं. मोटार सुरू झाली.

"बसून बसून आखडली होती," तो उठत म्हणाला. "हप्त्यातून एकदा तरी चालवत जा, साहेब."

मी ती दर रविवारी पाच मिनिटं चालवतो. तसं जावयांना कळवलंही. तरी ते आमच्याकडे अंघोळ करूनच येतात.