डब्याचं वाक्य

ये गं, जवळ सरक. फोनमधून सरकता येत नाही हे कळतं मला, तरी सरक. काल काय म्हणालीस? "मावशी, माझी गोष्ट मासिकाकडून परत आली. मला येतच नाही. सोडलं मी लिहिणं." इतकी लांब परदेशात जाऊन हेच शिकलीस का? आणि सांगतेस कुणाला, तर मला. जिला तूच परत लिहायला बसवलंस तिला.

विसरली असशील, म्हणून लिहूनच पाठवते.

हे दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, आणि खडकीतच आम्ही हा फ्लॅट घेतला. वर्ष व्हायच्या आत हे गेले. मुलगा बंगळूरला, कंप्युटरवाला. तू खालच्या मजल्यावरची, नोकरीला नुकती लागलेली. सकाळी कंपनीची गाडी कोपऱ्यावर यायची आणि तू ओल्या केसांनी पळत सुटायचीस. तेव्हा हिंजवडीकडे रोज एक काचेची इमारत उभी राहते की काय, असं वाटायचं.

आमचं मात्र रविवारी विहारात वंदना झाली की बायकांचं बसणं. चहा, आणि कुणी काही लिहून आणलं असेल तर ते वाचायचं. निवृत्त मुख्याध्यापिका होत्या ना, त्यांना सगळ्या 'बाई' म्हणायच्या. त्यांना आवडलं की त्या गप्प बसायच्या. नाही आवडलं तर बोलायच्या.

माझं शिक्षण सातवीपर्यंत, पुढचं सगळं वाचनालयातल्या पुस्तकांचं. हे गेल्यावर दुपारी घर खायला उठायचं, म्हणून मी कारखान्याच्या भोंग्यावर लिहिलं. उठणं, कणीक मळणं, डबा भरणं, सगळा संसार त्या भोंग्यावर चाललेला. रविवारी वाचलं. बाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "अहो, कारखान्याचा भोंगा तरी मिनिटभरात थांबतो."

हसल्या सगळ्या. मीही हसले. घरी आले आणि ते कागद फडताळात डब्यांखाली अंथरले. त्यानंतर पेन धरलं ते फक्त दूधवाल्याचा हिशेब लिहायला.

मग तू एकदा विरजण मागायला आलीस. मी कोपऱ्यातून वाटी काढेपर्यंत तू डबे सरकवून वाचत उभी. "मावशी, हे कुणी लिहिलंय?"

"कुणी नाही. तेल सांडू नये म्हणून आहे ते."

पुढच्या रविवारी तू विहारात हजर, माझे कागद पिशवीत घालून. कंपनीत तुमचं कसलंसं प्रशिक्षण झालं होतं, सकारात्मक मानसशास्त्राचं. माणसाला नुसतं काय चुकलं ते सांगत राहिलं तर त्याचा हात आखडतो, जे जमलंय ते दाखवलं तर तो आणखी करून बघतो, असं तू समजावून सांगितलंस. आणि नियम काढलास: ऐकून झालं की आधी प्रत्येकीनं मनात राहिलेलं एक वाक्य परत म्हणायचं. टीका नंतर.

बाई म्हणाल्या, "म्हणजे खोटं कौतुक."

"नाही बाई. कौतुक करायचंच नाही. वाक्य फक्त जसंच्या तसं म्हणायचं."

"आणि काही राहिलंच नसेल मनात?"

"मग मावशी परत वाचतील. तुम्हाला आठवेपर्यंत."

बाईंच्या तोंडावर असं बोलणारी तू पहिलीच. मी वाचलं. एकेकीनं वाक्यं म्हटली. बाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी चष्मा काढून हातात धरला. मग म्हणाल्या, "भोंगा वाजला आणि माझे हात उगाचच डब्याकडे गेले." पुढे काही नाही. मग चष्मा परत लावून, "तेवढंच. बाकीचं निम्मं कापा."

घरी येऊन मी निम्मं कापलं. त्या दिवसापासून लिहिते आहे.

आता विहारातलं ते बसणं मोडलं. कुणी मुलाकडे गेल्या, कुणी गेल्याच. बाई शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मांजरीला, लेकाच्या नव्या सोसायटीत. फोनवर वाचून दाखवायला गेले तर त्या आपल्या "हॅलो, हॅलो" करत राहिल्या, ऐकू येत नाही त्यांना. मुलगा म्हणतो, "आई, फोटो काढून पाठव, वेळ मिळाला की वाचतो." वेळ मिळत नाही त्याला, खरंच मिळत नाही.

मग मी एकटीच मोठ्यानं वाचते. दूरदर्शन बंद करून, खुर्चीत बसून. वाचून झालं की स्वतःचंच एक वाक्य परत म्हणून बघते. पण ते चालत नाही गं. दुसऱ्याच्या तोंडून आलं की ते मनात राहिलेलं असतं. आपल्या तोंडून आलं की नुसता आवाज, भिंतीवरून परत आलेला.

म्हणून ऐक. तू जायच्या आधीच्या रविवारी तुझं एकच पान वाचलं होतंस, कंपनीच्या गाडीवरचं. "शेजारी शेजारी बसून आम्ही सगळे एकेकटे झोपतो." जसंच्या तसं आहे ना? इतकी वर्षं माझ्याजवळ आहे. संध्याकाळी खाली गाड्या थांबल्या की आठवतं. तुझी गोष्ट परत आली असेल, हे वाक्य मी परत दिलेलं नाही.

टीका नंतर. निम्मं कापायचं असेल तर तेही सांगेन, बाईंच्या हाताखाली शिकले आहे.

पण ते फोनवर नाही. ती परत आलेली गोष्ट घेऊन ये, माझीही पानं साठली आहेत, तीही ऐक आणि एक वाक्य परत म्हण माझं. विरजण अजून त्याच वाटीत असतं. दिवाळीची वाट बघू नकोस, लवकर ये.