खिडकीकडची बाजू

वसंतकाका गेल्याचा मेसेज आला, तेव्हा मी अमेरिकेत, नोव्हाय गावात, ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतो. अर्धी काच तशीच ठेवून आत जाऊन बसलो. काम अर्धवट सोडायची माझी सवय जुनीच... आणि ती काकांइतकी कुणीच ओळखली नव्हती. या गोष्टीला पाच आठवडे झाले, तरी लिहायला हात धजत नव्हता.

काका मूळचे सांगलीचे, मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. तरुणपणी कंपनीने त्यांना चार वर्षं जपानला पाठवलं आणि तिथे ते कराटे शिकले. निवृत्तीनंतर घराच्या बेसमेंटमध्ये दर शनिवारी सकाळी आम्हा सात-आठ जणांना शिकवायचे. शिकवायचे कसले, पहिले दोन महिने जमीन पुसायला लावली! प्रत्येकाला जमिनीची एक बाजू नेमून दिलेली. ओल्या फडक्यावर दोन्ही हात टेकायचे आणि ओणवं होऊन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायचं. माझ्याकडे खिडकीकडची बाजू होती. मी पुण्याचा, गप्प बसतोय कुठला! म्हटलं, "काका, असलं काम मला आईनेसुद्धा कधी सांगितलं नाही."

"तेच दिसतंय," काका म्हणाले. "अरे, ज्या जमिनीवर आपटायचंय, तिची आधी ओळख नको का?" जपानमधले त्यांचे म्हातारे गुरू स्वतःची बाजू रोज स्वतः पुसायचे, हे सांगताना त्यांचा आवाज नकळत खाली यायचा.

अशी सहा वर्षं गेली. काळ्या पट्ट्याच्या परीक्षेच्या सकाळी ऑफिसचा कॉल लांबला. मी कानात इअरफोन ठेवूनच घाईघाईत फडकं फिरवलं. काका खिडकीखालच्या कोपऱ्यापाशी जाऊन उभे राहिले. तिथली धूळ तशीच होती.

"आज नको, निखिल. परीक्षा झाली."

"अहो काका, अजून सुरूच कुठे केलीय? आय ॲम रेडी!"

"फडकं हातात घेतलंस, तेव्हाच सुरू झाली."

माझा राग नाकावरच. फडकं तिथेच टाकून निघालो. तीन महिन्यांत दुसऱ्या एका क्लासमधून काळा पट्टा मिळवला आणि मिरवत आमच्या शनिवारच्या ग्रुपवर फोटो टाकला. काकांनी एवढंच लिहिलं : 'अभिनंदन. शनिवारी ये.' मी उत्तरही दिलं नाही. चार वर्षं गेलो नाही... आणि घर गाडीने बारा मिनिटांवर. याची लाज वाटते, आणि ती ज्यांच्यापुढे व्यक्त करावी, ते काकाच आता नाहीत.

गेल्या शनिवारी काकूंना भेटायला गेलो. त्या मला बेसमेंटमध्ये घेऊन गेल्या. दोरीवर फडकी तशीच टांगलेली होती, प्रत्येकावर दोऱ्याने नाव घातलेलं. माझंही होतं.

"तुझी बाजू त्यांनी कुणाला दिली नाही रे," काकू म्हणाल्या. "गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तरी खुर्ची धरून खाली बसायचे आणि पुसायचे. मी ओरडले की म्हणायचे, निखिल येईपर्यंत सांभाळतोय."

काकूंकडून बादली मागून घेतली. खिडकीकडची बाजू पुसली, उठलो, मागे वळून पाहिलं... तोच कोपरा राहिला होता.

पुन्हा खाली बसलो.