दाराचा पांढरा

आमच्या दादाला आयुष्यभर एकच शब्द पुरला: जुळलं. गाडीच्या दारावर शेवटचा हात मारून झाला, रंग वाळला, की तो चार पावलं मागे जायचा, मान तिरकी करून बघायचा, मग पुढे येऊन छपरावर थाप मारायचा आणि म्हणायचा, "जुळलं." त्यानंतर त्या गाडीबद्दल ब्र काढायची कुणाची टाप नव्हती. गिऱ्हाइकाचीसुद्धा नाही.

गॅरेज दोघा भावांचं. मी मधली. धाकटा पोचे काढायचा आणि दादा रंगवायचा. पत्र्याच्या आतून ठोकळा धरून धाकटा बाहेरून हलक्या हाताने ठोकत बसायचा, इतकं सावकाश की बघणाऱ्याला झोप यावी. मग दादा त्यावर पुट्टी भरणार, घासणार, प्राइमर मारणार आणि रंग कालवायला बसणार. त्या वेळी कुणी बोललेलं त्याला खपत नसे. तयार डब्यातला रंग उन्हात राहिलेल्या गाडीशी तंतोतंत कधी जमत नाही, म्हणून तो पांढऱ्यात थेंबाथेंबाने पिवळा, काळा, निळा घालत राहायचा. पांढरा सगळ्यात खट, असं त्याचं म्हणणं. मूळचा पांढरा कसा होता ते बघायचं तर दार उघडायचं आणि आतली चौकट बघायची, तिथे ऊन पोचत नाही. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. दादाची बायको लवकर गेली, माझा नवराही गेला, मी माहेरी परत आले आणि दोघांचा डबा घेऊन रोज गॅरेजात जाऊ लागले. मला विचाराल तर पांढरा तो पांढरा. पण हे तिथे बोलायची सोय नव्हती.

धाकट्याने जुनी पांढरी गाडी घेतली तेव्हा घरात फार आनंद होता. त्याच्या बायकोने तर सीटांवर नवं प्लास्टिक चढवून घेतलं. पण थोड्याच दिवसांत कुणीतरी मागून येऊन डावं मागचं दार चेपवून गेलं. धाकट्याने स्वतःच पोचा काढला, दादाने रंग मारला. दादा मागे गेला, पुढे आला, थाप मारली, म्हणाला, "जुळलं."

धाकटा दाराकडे बघत उभा राहिला. गॅरेजात दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्याने निदान ती जाईपर्यंत थांबायला हवं होतं. पण धाकटा पहिल्यापासून भाबडा, मनात आलं की तोंडात.

"दादा, दार पिवळट दिसतंय."

"काय?"

"बाकीची गाडी पांढरी आहे. दार सायीसारखं झालंय."

"उन्हाने बाकीचा रंग उतरलाय, म्हणून तसं वाटतं."

"उतरला तर गाडी पिवळी पडेल ना. इथे दार पिवळं आहे."

एक गिऱ्हाईक हसलं. तिथेच सगळं बिनसलं. दादाचा राग आधीच नाकावर, त्यात परक्यासमोर लहान भावाने त्याच्या रंगावर बोट ठेवलं. "डोळे तपासून घे आधी," तो ओरडला. धाकटा म्हणाला, "तूच घे." त्याने टोमणा मारला नव्हता, खरंच काळजीने म्हणाला होता. हे मला आज कळतं, तेव्हा मलाही ते उद्धटच वाटलं होतं. दादाने त्याची हत्यारांची पेटी उचलली आणि गेटबाहेर नेऊन ठेवली. आदळली नाही. नीट ठेवली, आणि म्हणाला, "आजपासून तुझं तू, माझं मी."

धाकटा शहराच्या दुसऱ्या टोकाला एका मोठ्या गॅरेजात नोकरीला लागला. मी इकडचं तिकडे सांगून बघितलं. धाकटा म्हणायचा, "दादाने एकदा हाक मारू दे." दादा म्हणायचा, "त्याने एकदा माझं काम बघून खरं काय ते बोलू दे." दोघेही एकाच आईचे, दुसरं काय.

दादा एकटाच राबत राहिला, आणि दिवसेंदिवस जास्तच कडू होत गेला. गेटसमोर कुणी गाडी लावली की कोण आहे हे न बघता आतूनच खेकसायचा, "गेट मोकळं करा!" एकदा तर बिचारे डॉक्टर आले होते आपली गाडी टाकायला, ते निमूट माघारी गेले. मी त्याला चिडवायचे, की अरे, एखाद दिवशी मलाही हाकलशील. तो म्हणायचा, "तुझा डबा वासावरून ओळखतो." मी हसायचे. आज त्या हसण्याचा मला राग येतो.

गिऱ्हाइकं कुरकुर करू लागली होती. दादाचं उत्तर ठरलेलं, उन्हाने बाकीचा रंग उतरलाय. त्याचं नाव मोठं, म्हणून लोक ऐकून घ्यायचे आणि पुढच्या वेळी दुसरीकडे जायचे.

मग धाकट्याच्या छातीचं दुखणं निघालं. फार वेळ मिळाला नाही. तो गेला त्या दिवशी दादा आला, गर्दीच्या मागे उभा राहिला आणि कुणाशी न बोलता निघून गेला. मी त्याच्याशी महिनाभर बोलले नाही. डबा मात्र देत होते.

पुढे तो गॅरेजच्या पायरीवरून पडला, तेव्हा मी त्याला धरूनच डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. किती वर्षं असंच रेटताय? यात सगळंच पिवळट दिसतं, आजोबा. पिवळ्यातला फरक कळेनासा होतो." मी दादाकडे बघितलं नाही, माझी हिंमतच झाली नाही.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, आणि तो पहिल्यांदा गॅरेजात गेला. पडायच्या आधी पुरी केलेली एक गाडी तशीच उभी होती. तो बराच वेळ तिच्यासमोर थांबला.

"हे बॉनेट कुणी रंगवलं?"

"कुणी म्हणजे? तूच."

त्याने बोट लावलं, जणू रंग हाताला लागेल. मग रस्त्यावर गेला. आमचा भाग जुना, त्याच्या हाताखालून गेलेल्या गाड्या गल्लोगल्ली. कुठे दार, कुठे मडगार्ड, कुठे डिकी, ठिगळासारखं पिवळं. तो चालत होता आणि मी मागून. एका गाडीपाशी तो थांबला आणि म्हणाला, "हेसुद्धा माझंच." मला त्याची फार दया आली, आणि दया आली म्हणून रागही आला.

त्या दिवसापासून त्याने स्प्रे गनला हात लावला नाही. एक दिवस जेवता जेवता म्हणाला, "मला धाकट्याची गाडी बघायची आहे."

"आता बघून काय करणार आहेस?"

"सगळंच काही चुकलं नसेल. ते दार मी मन लावून केलं होतं. ते जुळलेलं असेल, तर त्याला मी उगाच घालवलं नाही."

"आणि नसेल तर?"

तो भात चिवडत राहिला.

योगायोग असा, की धाकट्याच्या बायकोचाच फोन आला. गाडी विकायला काढली होती. पुढच्या मडगार्डला लहानसा पोचा होता, ओरखडा होता, घेणारा त्यावरून नाक मुरडत होता. "भाऊजींना विचारता का, वन्सं? नसेल जमत तर राहू दे." मी विचारायच्या आत दादा कपाटातून रंगाचे डबे काढत होता.

गाडी तिच्या अंगणात कापडाखाली झाकलेली होती. दादाने कापड ओढलं. भर दुपारचं ऊन. तो डाव्या बाजूला गेला, मागच्या दारासमोर उभा राहिला, मागे सरला, मान तिरकी केली. दार आणि गाडी एकाच रंगाची होती. मलासुद्धा कळत होतं.

"जुळलंय!" तो ओरडला. त्याने छपरावर अशी थाप मारली की शेजारची बाई खिडकीत आली. "बघ! कुठे आहे पिवळं? मी म्हणत होतो की नाही? उगाच, उगाच त्या पोराने..." इतक्या वर्षांनी त्याचा चेहरा उजळलेला होता. धाकट्याची बायको दारात उभी होती, तिच्या देखत हे बोलू नये एवढंही त्याला सुचलं नाही.

मग तो कामाला लागला. पोचा बोटाएवढा, त्याने स्वतःच काढला, धाकट्याच्याच हातोडीने. पुट्टी भरली, वाळल्यावर घासली, प्राइमर मारला. रंग कालवायची वेळ आली, तेव्हा जन्माची सवय, त्याने पुढचं दार उघडलं आणि आतली चौकट बघितली.

तो वाकलेलाच राहिला. मला वाटलं, कंबर धरली. जवळ गेले, तर तो चौकटीच्या कडेवरून नख फिरवत होता. आत रंग पांढरा होता, थंड, धुतल्यासारखा. बाहेर सायीसारखा. मध्ये टेप लावून रंग मारल्याची बारीक कड होती. त्याने दुसरं दार उघडलं. मग डिकी. सगळीकडे तेच.

"ही गाडी कुणी रंगवली?" त्याने विचारलं.

"यांनीच नोकरीच्या गॅरेजात करून घेतली होती," धाकट्याची बायको म्हणाली. "जो तो विचारायचा, दार कुणी केलं म्हणून. यांना ते सहन व्हायचं नाही."

"मग दार तेवढं करायचं ना," मी म्हटलं. "सगळी गाडी कशाला?"

"दार माझं होतं," दादा म्हणाला.

तो डब्यांपाशी खाली बसला. पांढऱ्यात एक थेंब पिवळा घातला, ढवळलं, दाराला लावून बघितलं. अजून एक थेंब. अजून एक. चांगल्या झालेल्या डोळ्यांनी तो आपलीच चूक थेंबाथेंबाने कालवत होता, आणि डोळे पुसायला शर्टाची बाही वापरत होता. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांना हात लावायचा नाही असं सांगितलं होतं.

रंग वाळेपर्यंत ऊन उतरलं. दादा मागे गेला. थाप मारायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. मग आमच्याकडे वळून, जन्मात पहिल्यांदा, त्याने विचारलं, "जुळलं का गं?"

"जुळलं, दादा," मी म्हटलं.

धाकट्याची बायको चहा घेऊन बाहेर आली होती. ती म्हणाली, "गाडी रंगवून आणली ना, तेव्हा हेही इथेच उभं राहून मला हेच विचारत होते. म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं, दादांना दाखवून आणा."

दादाने मान वर केली. "मग?"

"गेले होते की लगेच. तुमच्या गेटसमोर गाडी लावली, हॉर्नही दिला म्हणाले. आतून कुणीतरी ओरडलं, गेट मोकळं करा. मग आले परत."

तिने चहा त्याच्यापुढे धरला. तिला ठाऊक नव्हतं, की आमच्या गॅरेजात दादाशिवाय दुसरं कुणी नसायचं.