पुढचा वाढदिवस कोणाचा

दुपारी दारात एक मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. निवडणुकीआधी राज्यभर लोकांची मतं विचारत फिरणाऱ्यांपैकी ती एक होती. मी बोलू लागलो तर तिनं थांबवलं.

"काका, दार उघडेल त्याला नाही विचारता येत. घरातल्या मोठ्यांपैकी ज्यांचा वाढदिवस सगळ्यात आधी येतो, त्यांनाच विचारायचं."

"मग सुमनचा," मी म्हणालो.

"काकूंना बोलावता का?"

बायको जाऊन दोन महिने झालेत, हे मला सांगावं लागलं. मुलगी वरमली. "सॉरी काका. मग तुम्हीच सांगा."

सरकारचं काम कसं वाटतं, रस्ते कसे, वीज कशी. प्रत्येक प्रश्नाला मी "सांगता येत नाही" म्हणत राहिलो. घरातली मतं सुमनची असत. मी पेपर वाचायचो आणि ती त्याच्याशी भांडायची. एवढ्या मोठ्या राज्यातून मोजकी घरं निवडतात. तिथं जो बोलेल तो हजारोंच्या वतीनं बोलतो. गेलेल्यांच्या वतीनं कोण बोलत असेल?

"पाण्याबद्दल तरी काही बोला, काका."

"दिवसाआड करंगळीएवढी धार सोडतात, आणि वर आम्ही आभार मानायचे?"

मुलगी हसली. "हे पर्यायांत नाही हो!"

"असमाधानी लिही."

मुलगी गेल्यापासून मी घरात येरझाऱ्या घालतोय. पाण्याबद्दलचं ते वाक्य माझं नव्हतं, स्वरसुद्धा नव्हता. पण नियमानं विचारायचं होतं ते सुमनलाच.