चहाच्या पेटीतला रेडिओ

काही घरंच अशी असतात की तिथे काहीही करायला घ्या, त्याचा किस्सा होतो. आमच्या फ्रीगंज मोहल्ल्यातलं फणशांचं घर त्यातलं. अजूनही टावर चौकात आम्ही जुने मित्र जमलो की कोणीतरी म्हणतंच, "अरे, तो गजूचा रेडिओ..." आणि मग दुसरा चहा मागवावा लागतो.

ग्वाल्हेर-इंदूरची संस्थानं जोडून केलेलं मध्य भारत राज्य जाऊन नवा मध्य प्रदेश व्हायचा होता, ते वर्ष. गजू फणसे आणि मी एकाच शाळेत मास्तर होतो. तो विज्ञानाचा, मी भूगोलाचा. त्याच्या धाकट्या बहिणीला, कुमुदला, इंदूरच्या रेडिओवर गायचं बोलावणं आलं. पेढे वाटून झाल्यावर घरच्यांच्या लक्षात आलं की आपल्याकडे रेडिओच नाही.

"विकत कशाला? घरीच बनवून टाकू," गजू म्हणाला.

*

ट्रान्सफॉर्मर इंदूरहून आला, व्हॉल्व ग्वाल्हेरच्या एका कबाड्याकडून आले आणि पेटी होती चहाच्या खोक्याची. सगळं जोडून गजूनं बटण फिरवलं. ना उजेड, ना खरखर.

गजूचे वडील, अण्णा, ग्वाल्हेर दरबारच्या नोकरीतून रिटायर झालेले. संस्थान गेल्याचा राग मनात होताच. ते म्हणाले, "अर्धा ग्वाल्हेरचा, अर्धा इंदूरचा. अरे, हा तर तू मध्य भारतच केलास. तो चालेना, हा कुठून चालेल?"

तेव्हा आमची राजधानी खरोखरच उन्हाळ्यात इंदूरला आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला असायची. मी म्हटलं, "अण्णा, थोडं थांबू. हिवाळ्यात ग्वाल्हेरकडून सुरू होईल."

अण्णा हसले. गजू दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

*

मग तपासणी सुरू झाली. गजू, मी आणि बँकेतला शरद बक्षी. गजूचा नियम एकच, आधी प्लग काढायचा, मग आत हात घालायचा. आम्ही मुलखाचे आज्ञाधारक. आल्याआल्या प्लग काढायचा, एखादा पेच आवळायचा, एखादी तार हलवून बघायची.

प्लग परत लावायचं मात्र मला आणि शरदला प्रशस्त वाटत नसे. दुसऱ्याच्या घरची वीज आपण कशी सुरू करायची? आणि गजूला वाटे, ज्यानं काढला त्यानं लावलाच असेल. मग तो ऐटीत बटण फिरवायचा आणि आम्ही तिघं कपाळावर हात मारायचो.

आठवडाभरानं काकू, म्हणजे गजूची आई, केर काढता काढता म्हणाल्या, "अरे, ही शेपटी तुम्ही रोज बाहेरच का ठेवता?"

प्लग लावला. रेडिओ तरीही चालला नाही, ही गोष्ट वेगळी.

*

भिंतीपलीकडे तिवारीजी राहायचे. त्यांच्याकडे दुकानातून आणलेला मोठा रेडिओ होता. रेडिओ बैठकीत आणि त्याला लांब तारेनं जोडलेला दुसरा स्पीकर स्वयंपाकघरात, भाभीजींना भजनं ऐकता यावीत म्हणून. या दुसऱ्या स्पीकरचा आम्हांला पत्ता नव्हता.

एका संध्याकाळी गजूनं बटण फिरवलं आणि काय सांगू, स्वच्छ भजन ऐकू आलं. गजूनं मला मिठी मारली. काकूंनी देवापुढे साखर ठेवली. अण्णा तर खुर्चीतून उठून उभे राहिले.

शरदला वारा लागत होता, म्हणून त्यानं खिडकी लावली. रेडिओ बंद पडला.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरून तिवारीजींनी विचारलं, "फणसे साहब, ये रेडियो है कि अचार की पेटी?"

अण्णांना ते फार लागलं. कुमुदला पहिला सा त्यांनीच लावायला शिकवला होता. ते म्हणाले, "तिवारीजी, बेटी का गाना सुनूँगा तो इसी पेटी से। नहीं तो नहीं सुनूँगा।"

तिवारीजींचं हसू तिथेच विरलं. अण्णा शब्द फिरवणारे नव्हते, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. मला गजूची खरंच दया आली.

*

गाणं नेमकं खंडेनवमीला होतं. सकाळी गजू पाहतो तर पेचकस, पक्कड, चाकू, सगळं पाटावर मांडलेलं, वर हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. काकूंनी रेडिओवर भैरवगढची छापील चादर घालून त्यालाही हार घातला होता.

"अण्णा, पेचकस तेवढा घेऊ? आज कुमुदचं गाणं आहे."

"पूजेतली हत्यारं उद्या उठतील. गाणं आहे म्हणून देवाशी भांडू का?"

कुमुद मामांबरोबर इंदूरला निघाली. अण्णांच्या पाया पडून म्हणाली, "अण्णा, ऐकाल न?"

अण्णा "हो" म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडून बसले. ते उलटं धरलं होतं.

*

दुपारी अण्णांचा डोळा लागला तेव्हा गजू भिंतीपाशी गेला. मी सोबत होतो. त्यानं तिवारीजींना सगळं सांगितलं, हत्यारांचंसुद्धा.

तिवारीजी म्हणाले, "हमारे यहाँ औज़ार कल पूजे जाएँगे, भैया। आज तो खुले पड़े हैं।"

त्यांनी स्वतःच्या हातानं स्वयंपाकघरातली तार सोडवली, भिंतीवरून आमच्या खिडकीतून आत आणली आणि चादरीखालून पेटीतल्या स्पीकरला जोडून दिली. रेडिओ त्यांचा, आवाज आमच्या पेटीतून.

संध्याकाळी अण्णा धुतलेलं धोतर नेसून खुर्चीत बसले. गजूनं बटण फिरवलं. कुमुदचं नाव आलं आणि तिनं सा लावला. अण्णांनी डोळे मिटले. काकूंचा पदर डोळ्यांवरून हलला नाही.

गाणं संपलं. अण्णांनी गजूच्या पाठीवर हात ठेवला. "चालला रे तुझा रेडिओ."

मग वीज फुकट जायला नको म्हणून ते स्वतः उठले आणि त्यांनी बटण बंद केलं. पेटी कपाशीचे बाजारभाव सांगू लागली. अण्णांनी बटण पुन्हा फिरवलं. कपाशीनंतर गहू आला. त्यांनी वाकून प्लग काढला. गव्हानंतर ज्वारी.

अण्णांनी हातातल्या प्लगकडे पाहिलं, चादरीखालून खिडकीकडे गेलेल्या तारेकडे पाहिलं. मग खिडकीशी जाऊन शांतपणे म्हणाले, "तिवारीजी, अब बंद कर दीजिए। और चाय पीने आइए।"

रेडिओ बंद झाला.